भाड्याच्या घराच्या अंगणात हलवता येणारा वेटलिफ्टिंग प्लॅटफॉर्म आणि रॅक कसा बांधावा?

विश्रामबागकर

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबाग भागात एका बैठ्या घरात भाड्याने राहतो. घराच्या मागे पंधरा फूट बाय बारा फुटांचे अंगण आहे आणि त्यात शहाबादी फरशी बसवलेली आहे. माझी मुलगी पंधरा वर्षांची असून ती वेटलिफ्टिंग शिकते. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आमच्याच सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो वजनी गटात स्नॅचमध्ये (बार एकाच झटक्यात डोक्यावर) ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५, असे एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले, तेव्हापासून तिने हा खेळ मनावर घेतला आहे. केंद्रातल्या सरावाखेरीज घरीही थोडा सराव व्हावा, अशी तिची इच्छा आहे. मी स्वतः स्पर्धेत उतरत नाही, पण स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) आणि डेडलिफ्ट (बार जमिनीवरून मांडीपर्यंत उचलणे) नियमाने करतो. तिच्यासाठी १५ किलोचा आणि माझ्यासाठी २० किलोचा बार घेतला आहे. बंपर प्लेटही (रबरी वजने) आहेत.

घरमालकांची व्यायामाला हरकत नाही. मात्र फरशीला भोक पाडायचे नाही आणि सिमेंटचे कोणतेही काम करायचे नाही, अशी त्यांची अट आहे. उन्हाळ्यात याच अंगणात दोन्ही घरांचे वाळवण असते. पावसाळ्यात सगळे सामान बाजूच्या पाच फूट रुंदीच्या पत्र्याच्या पडवीत न्यावे लागेल. पुढेमागे घर बदलावे लागण्याचीही शक्यता आहे. म्हणून प्लॅटफॉर्म आणि रॅक (स्क्वॉटचा बार ठेवायचे खांब), दोन्ही हलवता येण्याजोगे हवेत.

माझ्या मनात आठ फूट बाय आठ फुटांचा प्लॅटफॉर्म आहे. त्याला चाके लावावीत का, सांगाडा लोखंडी असावा की नुसते प्लायवूडचे थर पुरतील, जमिनीत न रोवलेला रॅक वजनासकट उलटणार नाही याची खात्री कशी करावी, आणि वजन वरून सोडल्यावर शहाबादी फरशी टिकेल का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मांडव_आणि_मंच

आमचा मांडव आणि स्टेजचा व्यवसाय आहे. आपल्याला हवी असलेली वस्तू आमच्याकडे रोज वापरात असते. लोखंडी चौकटीवर प्लाय ठोकलेले आठ बाय चार आणि चार बाय चार आकाराचे पॅनेल जोडून आम्ही स्टेज उभे करतो आणि कार्यक्रम झाला की सुटे करून टेम्पोत रचतो. जुने पॅनेल स्वस्तात मिळू शकतात. त्यांचे पाय काढून टाकावेत आणि खाली ब्रेक असलेली मजबूत कॅस्टर चाके लावावीत, म्हणजे एकटा माणूसही सगळे ढकलत पडवीत नेऊ शकेल. स्टेजवर पन्नास माणसे नाचली तरी पॅनेलला काही होत नाही, त्यामुळे एका मुलीच्या वजनाची काळजी करण्याचे कारण नाही.

कुपवाड_फॅब

पॅनेलची कल्पना मला पटते, चाकांची पटत नाही. माझे कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचे लहान युनिट आहे आणि व्यायामशाळांचे काम मी केलेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नाचणाऱ्या माणसांचा भार आणि वरून पडणाऱ्या बारचा भार यांत फार फरक आहे. १०० किलोचा बार डोक्यावरून सोडला आणि तो पावणेदोन मीटर खाली येऊन रबर, प्लाय आणि प्लेट यांच्या दबण्यात मिळून पाच सेंटिमीटरमध्ये थांबला, तर थांबतानाचे सरासरी बल वजनाच्या सुमारे ३५ पट, म्हणजे साडेतीन टनांच्या घरात जाते. हे बल चार किंवा सहा चाकांतून खाली उतरले, तर चाकाखालची फरशी पहिल्याच दिवशी तडकेल, आणि मधला अधांतरी प्लाय नगाऱ्यासारखा वाजेल तो वेगळाच. शिवाय ब्रेक लावलेले चाकही थोडे हलतेच, आणि खांद्यावर वजन असताना पायाखालची जमीन अर्धा सेंटिमीटर सरकणेही परवडत नाही. म्हणून हलवता येणारा याचा अर्थ ढकलत नेता येणारा असा न घेता, दोन माणसांना उचलता येतील अशा तुकड्यांत सुटा होणारा असा घ्यावा. चाके हवीच असतील तर सुट्या तुकड्यांसाठी एक वेगळी ट्रॉली करावी. व्यायामाच्या वेळी चाकांचा जमिनीशी संबंध येता कामा नये.

तुकडे कसे पाडायचे, हे बारच्या मापावरून ठरते. पुरुषांचा बार २२०० मिलिमीटर आणि स्त्रियांचा २०१० मिलिमीटर लांब असला, तरी दोन्ही बारच्या आतल्या कॉलरमधील (प्लेट ज्यांना टेकते त्या कड्यांमधील) अंतर एकच, म्हणजे १३१० मिलिमीटर असते. कॉलरची जाडी धरली तर प्लेटची आतली बाजू बारच्या मध्यापासून सुमारे ६८५ मिलिमीटरवर येते. मधला पट्टा चार फुटांचा ठेवला तर त्याची कड मध्यापासून ६१० मिलिमीटरवर येईल, आणि प्लेट नेहमी बाजूच्या दोन-दोन फुटांच्या पट्ट्यांवरच पडतील. याचा फायदा असा, की मधला पट्टा माणूस आणि रॅक यांच्यासाठी राहतो, बाजूचे पट्टे मार खाण्यासाठी राहतात आणि दोघांचे काम एकमेकांत मिसळत नाही. बाजूचे पट्टे मधल्या पट्ट्याला बोल्टने जोडू नयेत. नुसते लगत टेकवून ठेवावेत, म्हणजे हादरे रॅकपर्यंत पोहोचत नाहीत.

मधला पट्टा चार बाय चारच्या दोन तुकड्यांत करावा. चौकट ४० बाय ४० बाय ३ मिलिमीटर चौकोनी पाइपची, आत दर चाळीस सेंटिमीटरवर आडवी पट्टी, वर १८ मिलिमीटरचा प्लाय आणि त्यावर झिजल्यावर बदलता येईल असा १२ मिलिमीटरचा प्लाय. असा एक तुकडा साधारण ५५ किलोंचा होतो. दोन तुकडे एकमेकांना एम-१२ चे (१२ मिलिमीटर जाडीचे) चार बोल्ट आडवे घालून जोडावेत. पाइपमधून बोल्ट आवळताना पाइप चेपू नये म्हणून भोकात आधी स्पेसरचा तुकडा वेल्ड करून घ्यावा. बाजूच्या पट्ट्यांना लोखंडाची गरज नाही. प्लायचे १८, १८ आणि १२ मिलिमीटरचे तीन थर आणि वर २० मिलिमीटर रबर, असे केले तर उंची ६८ मिलिमीटर होते. मधल्या पट्ट्याची ७० होते. दोन मिलिमीटरचा फरक पायाला जाणवत नाही.

आता रॅक उलटण्याचा प्रश्न. रॅक सुटा उभा केला, त्याचे वजन ५० किलो आणि तळपायाची लांबी चार फूट धरली, तर दीड मीटर उंचीवर आडवा रेटा बसल्यास तो साधारण २० किलोच्या रेट्याने उलटायला लागतो. थकलेला माणूस १०० किलोचा बार घेऊन पुढे चालत येतो आणि खांबांवर आपटतो, तेव्हा २० किलो म्हणजे काहीच नाही. त्या क्षणी बारचे वजन अजून हुकांवर आलेले नसते, त्यामुळे ते रॅकला दाबूनही धरत नाही. तोच रॅक मधल्या पट्ट्याला, पुढच्या कडेपासून दोन फूट आत, बोल्टने पक्का केला, तर उलटण्यासाठी पट्ट्याचे ११० किलोही उचलावे लागतात आणि रेटा सुमारे ११० किलोंवर जातो. पट्ट्यावर उभ्या असलेल्या माणसाचे वजन यात धरलेले नाही. ते आणखी मदतीलाच येते. फरशीत रोवण्याची गरज त्यामुळे संपते. खांबांच्या खाली १० मिलिमीटर जाडीची बेस प्लेट आणि पुढच्या बाजूला तिरकस आधार, एवढे मात्र हवेच.

खांब आणि सुरक्षेचे आडवे हात (बार निसटला तर झेलणारे) ६० बाय ६० बाय ३ मिलिमीटर पाइपचे करावेत. १५० किलो वजन दोन हातांवर खांबापासून ४० सेंटिमीटर अंतरावर स्थिर ठेवले, तर या पाइपमध्ये साधारण २४ मेगापास्कल ताण येतो. वजन आदळल्यामुळे तो पाचपट झाला, तरी १२० च्या आसपास राहतो. आयएस ४९२३ (पोकळ पोलादी पाइपचे भारतीय मानक) मधील सर्वांत कमी प्रतीच्या पाइपची मर्यादाही (जिच्यापुढे तो कायमचा वाकतो) २१० आहे. त्याऐवजी ५० बाय ५० बाय २ चा पाइप घेतला, तर हाच आकडा २५० च्या आसपास जातो आणि हात वाकतो. दुकानात दोन्ही पाइप शेजारी उभे असतात आणि रंगवल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून वीस फुटी, म्हणजे सहा मीटरची नळी काट्यावर चढवून पाहावी. ६० बाय ६० बाय ३ ची नळी ३१ ते ३२ किलो भरली पाहिजे. २२ च्या आसपास भरली तर ती २ मिलिमीटरची आहे, दुकानदार काहीही म्हणो.

भोके हाताने पाडायची असतील, तर दोन्ही खांब एकत्र टाके मारून जोडावेत आणि एकदमच भोके पाडावीत. वेगवेगळी पाडली की बार एका बाजूला कललेला राहतो. दोन भोकांत ५० मिलिमीटर अंतर पुरे. लेझर कटिंग करून घेता आले, तर हा प्रश्नच उरत नाही. रॅकची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी १२०० मिलिमीटर ठेवावी, म्हणजे कॉलरपर्यंत दोन्ही बाजूंना ५५ मिलिमीटर मोकळे राहतात. चौकट वेल्ड करण्यापूर्वी गुण्या लावून आणि दोन्ही कर्ण मोजून घ्यावेत. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर वाकडेपणा दुरुस्त करणे जिकिरीचे असते.

मिऱ्याबंदर

वरील प्रतिसादातील लोखंडाचे गणित मी तपासू शकत नाही, पण लाकूड आणि पाऊस या विषयावर लिहितो. आम्ही रत्नागिरीत समुद्राच्या काठावर राहतो आणि आमच्याकडे उघड्यावर ठेवलेली प्रत्येक वस्तू जूनपासून कुजायला किंवा गंजायला सुरुवात होते. सांगलीत पाऊस आमच्यापेक्षा कितीतरी कमी असतो, तरीही प्लायच्या बाबतीत कंजुषी करू नये.

आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्यावा. साधा कमर्शियल प्लाय पडवीत ठेवला, तरी ओल्या हवेत त्याचे थर कडेकडेने सुटायला लागतात आणि वरून मार बसू लागला की तो लवकर फुगतो. पाणी प्लायच्या पृष्ठभागातून फारसे शिरत नाही. ते कापलेल्या कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून शिरते. म्हणून सर्व तुकडे कापून, भोके पाडून झाल्यावर, जोडण्यापूर्वी प्रत्येक कडेला आणि भोकाला एपॉक्सी किंवा निदान ऑइल पेंटचे दोन-तीन हात द्यावेत. जोडून झाल्यावर बाहेरून रंग फासण्याचा फारसा उपयोग होत नाही. पाय ठेवायच्या भागाला चकचकीत रंग किंवा वॉर्निश लावू नये, ओल्या बुटांना तो निसरडा होतो. तेथे जवसाचे डबल बॉइल्ड तेल दोनदा चोळून पूर्ण वाळू द्यावे. तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून, पसरून वाळवावीत.

लोखंडी चौकटीच्या पाइपची तोंडे वेल्ड करून बंद करावीत. बंद करणार नसाल तर खालच्या बाजूला पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवावीत. अर्धवट उघडा पाइप सर्वांत वाईट, कारण तो आतून गंजतो आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. रेड ऑक्साइडवर ऑइल पेंट सांगलीला चालेल. आमच्याकडे एपॉक्सी प्रायमरशिवाय भागत नाही. जीआय पाइप वेल्ड करायला सांगणार असाल, तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढायला सांगावे आणि काम मोकळ्या हवेत व्हावे. तो धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो.

ताडपत्री थेट प्लॅटफॉर्मवर अंथरू नये. खाली घाम धरतो आणि पावसाने झाले नसते तेवढे नुकसान त्या कोंडलेल्या ओलीने होते. पडवीत तुकडे भिंतीला टेकवून उभे ठेवावेत, खाली दोन विटा द्याव्यात, म्हणजे वाळवीही चढताना दिसते. बारच्या खरखरीत भागात घामाचे मीठ साचते. तो ताठ ब्रशने झाडून शिवणयंत्राच्या तेलाचे फडके फिरवले की पुरते.

रबरासाठी व्यायामशाळेच्या महागड्या टाइल घेण्यापूर्वी गोठ्यात गाई-म्हशींखाली अंथरतात त्या मॅट पाहाव्यात. पशुखाद्याच्या किंवा दुग्धव्यवसायाच्या साहित्याच्या दुकानात त्या मिळतात. जनावराचे वजन आणि खुरांची घसट सोसण्यासाठीच त्या केलेल्या असतात. सुरुवातीला वास येतो, तो उन्हात ठेवल्यावर कमी होतो.

एडिसनकर

गोठ्याच्या मॅटच्या सूचनेला माझे अनुमोदन. येथे न्यू जर्सीत घरच्या व्यायामशाळा करणारे बहुतेक सगळे घोड्यांच्या तबेल्यात अंथरायच्या मॅटच वापरतात. चार बाय सहा फूट, पाऊण इंच जाड आणि एकेक सुमारे ४५ किलोंची. एक सूचना: मॅट कापायची असेल तर करवत वापरू नये. खाली कापायच्या रेषेवर लाकडी पट्टी ठेवून मॅट वाकवावी, म्हणजे काप उघडा राहतो, आणि धारदार कटरने तीन-चार वेळा एकाच रेषेवरून ओढावे. पाते साबणाच्या पाण्यात बुडवत राहिल्यास ते रबरात अडकत नाही.

जुना_प्रशिक्षक

प्लॅटफॉर्म आणि रॅक एकत्र जोडण्याचा सल्ला स्क्वॉटपुरता योग्य आहे, परंतु मुलगी स्नॅच करणार असेल तर तो जसाच्या तसा स्वीकारू नये. स्पर्धेचा प्लॅटफॉर्म चार मीटर बाय चार मीटर असतो, तो उगीच नाही. स्नॅच पुढे निसटला तर बार लिफ्टरच्या पुढे पडतो, मागे गेला तर तिला पुढे पळावे लागते. आठ फुटी प्लॅटफॉर्मवर दोन फूट आत रॅकचे खांब उभे असतील, तर तिच्याकडे खांबांमागे जेमतेम सहा फूट उरतात, आणि पुढे पळण्याच्या वाटेत दोन लोखंडी खांब येतात. पुढे पडलेला बार खांबावर आदळला, तर तो कोणत्या बाजूला उसळेल याचा भरवसा नाही. म्हणून माझ्या मते नियम असा ठेवावा, की स्नॅच आणि जर्कच्या दिवशी खांब प्लॅटफॉर्मवर नसतीलच. कुपवाडच्या सद्‌गृहस्थांनी बेस प्लेटला बोल्ट सुचवले आहेत, ते सहज निघतील असे करून द्यावेत. बोल्ट काढणे कंटाळवाणे झाले, की पंधरा दिवसांत ते काढणे बंद होईल, हे मी व्यायामशाळांत पाहिलेले आहे. सरावाचे दिवसच वेगळे ठेवले, म्हणजे एक दिवस स्क्वॉट आणि प्रेस, दुसरा दिवस स्नॅच आणि क्लीन, तर दर वेळी खटपट होत नाही.

वरून काय सोडायचे, याचीही मर्यादा घालून घ्यावी. बंपर प्लेट वरून सोडण्यासाठीच असतात आणि त्यांचा व्यास ४५० मिलिमीटर असल्यामुळे बार जमिनीपासून योग्य उंचीवर राहतो. बिडाच्या प्लेट कधीही सोडू नयेत. त्या प्लाय फोडतात आणि स्वतःही फुटतात. बारवर फक्त पाच-पाच किलोच्या पातळ बंपर असतील, तर त्याही डोक्यावरून सोडू नयेत, त्या कडेवर पडून वाकतात. पंधरा वर्षांच्या मुलीने हलके वजन हाताने खाली आणण्याची सवय ठेवली, तर फरशीचेही आयुष्य वाढेल आणि शेजाऱ्यांचेही.

सुरक्षेच्या आडव्या हातांबद्दल वर ताकदीचे बोलणे झाले, उंचीचे झाले नाही. स्क्वॉटच्या सर्वांत खालच्या स्थितीत बार जेथे येतो, त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली हात असावेत. वडील आणि मुलगी एकाच रॅकवर करणार असतील, तर दोघांची भोके वेगवेगळ्या रंगांनी खुणावून ठेवावीत, कारण घाईत एक बाजू वरच्या आणि दुसरी खालच्या भोकात बसवली जाते. हुकांची उंची अशी असावी, की बार काढताना टाचा उचलाव्या लागणार नाहीत. हुकाच्या आतल्या बाजूला कन्व्हेयर बेल्टचा तुकडा बसवला, तर बारचे खाचे खराब होत नाहीत.

आणखी एक. अंगणाला उतार असणारच. बार जागेवर न राहता घरंगळत असेल, तर तो प्लॅटफॉर्म वापरू नये. आणि उतार बारच्या लांबीच्या दिशेने असेल, तर बार घरंगळत नाही, त्यामुळे लक्षातही येत नाही, पण मुलगी कायम एका बाजूला झुकून उचलायला शिकते. हे पुढे सुधारायला फार कठीण जाते.

विश्रामबागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चाकांचा विचार मी सोडून दिला आहे. चार बाय चारचे दोन आणि दोन बाय चारचे चार, असे सहा तुकडे करायचे ठरवले आहे. ते पडवीत भिंतीला लागून बसतील आणि मी व माझा भाचा मिळून ते उचलू शकू. स्नॅचच्या दिवशी खांब काढण्याची अट मुलीला वाचून दाखवली. तिच्या प्रशिक्षकांनीही तिला हेच सांगितले होते, असे ती म्हणाली.

उताराची सूचना वाचल्यावर काल गवंड्याची पाण्याची नळी आणून मोजले. आठ फुटांत तीन सेंटिमीटर उतार आहे, मागच्या भिंतीजवळच्या गटाराकडे. फरशी ठोकून पाहिली, तर चार-पाच ठिकाणी बद्द आवाज येतो, म्हणजे तेथे फरशीखाली पोकळी असावी. खाली लाकडी पाचरी देऊन समतल करावे, की चौकटीला उंची कमी-जास्त करणारे बोल्ट लावावेत? आणि पोकळ फरशीचे काय करावे?

मांडव_आणि_मंच

स्टेज समतल करायला आम्ही स्क्रू-जॅकच लावतो, पण वरचे गणित वाचल्यावर येथे ते सुचवण्याचे धाडस होत नाही. चाकांबद्दलचा मुद्दा मान्य. जुने पॅनेल घेणार असाल, तर चौकटीचा पाइप किती मिलिमीटरचा आहे ते आधी पाहा. स्टेजसाठी हलका पाइप चालतो, म्हणून तोच बहुतेकांकडे असतो.

कुपवाड_फॅब

बोल्ट नकोत. बोल्टचे टोक म्हणजे पुन्हा एका बिंदूवर आलेला भार, आणि तो नेमका पोकळ फरशीवर आला तर ती फुटणारच. पाचरी मधल्या चौकटीखाली चालतील, परंतु बाजूच्या पट्ट्यांखाली चालणार नाहीत. तेथे लोखंड नाही, आणि प्लायला खालून सर्वत्र आधार नसेल, तर पाचरींच्या मधला भाग दर आघाताला वाकेल आणि थर सुटतील.

त्यापेक्षा दगडाच्या कचेची पातळ गादी करावी. फरशीवर जाड प्लास्टिक अंथरावे, उताराच्या खालच्या बाजूला आणि दोन्ही कडांना ४० मिलिमीटरचा अँगल नुसता ठेवावा, आणि चाळलेली कच वरच्या टोकाला एक सेंटिमीटर व खालच्या टोकाला चार सेंटिमीटर अशी पसरून सरळ पट्टीने ओढून समतल करावी. आठ बाय आठ फुटांना साधारण सव्वापाच घनफूट कच लागेल. त्यावर दहा-बारा मिलिमीटरची रबरी मॅट आणि मॅटवर प्लॅटफॉर्म. भार कचेतून पसरून उतरतो, फरशीच्या सांध्यांतील उंचसखलपणाही झाकला जातो, आणि सिमेंट कोठेच नसल्यामुळे घरमालकांची अट पाळली जाते. वाळवणाच्या दिवसांत कच गोळा करून पोत्यांत भरून ठेवता येईल. गटाराकडे जाणारे पाणी अडू नये म्हणून प्लॅटफॉर्म भिंतीपासून निदान एक फूट अलीकडे ठेवावा.

पोकळ फरशीवर प्लेट पडणार नाहीत अशी जागा निवडणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. अंगण पंधरा बाय बारा असल्यामुळे प्लॅटफॉर्म इकडेतिकडे सरकवायला वाव आहे. बाजूचे दोन पट्टे ठणठणीत फरशीवर आणावेत. मधल्या पट्ट्याखाली एखादी बद्द फरशी आली तरी चालेल, कारण तेथे आघात होत नाही. हे कोणत्याही प्रकारे जमले नाही, तर त्या फरश्या काढून खाली पुन्हा माल भरून बसवून द्याव्यात, असे घरमालकांना सांगावे. ते त्यांच्याच घराचे काम आहे, आपले नाही.

बोल्टला नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले) वापरावेत, म्हणजे हादऱ्यांनी ते सैल होत नाहीत. खांबांच्या बेस प्लेटच्या बाबतीत मात्र वारंवार काढघाल होणार असल्यामुळे नायलॉक लवकर निकामी होईल. तेथे चौकटीच्या खालून साधे नट वेल्ड करून घ्यावेत, वरून स्प्रिंग वॉशरसह बोल्ट लावावेत आणि बोल्टच्या डोक्यावरून प्लेटवर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. स्क्वॉटला सुरुवात करण्यापूर्वी रेघ तुटलेली दिसली, तर पाना फिरवल्याशिवाय बार हुकावर चढवू नये.

विश्रामबागकर

कचेची गादी करणे सर्वांत सोयीचे वाटते. येत्या रविवारी बद्द फरश्यांवर खडूने खुणा करतो आणि प्लॅटफॉर्मची जागा आखून घेतो. पाइपचे माप ठरले आहे; नळी काट्यावर चढवायला दुकानदार तयार झाला, तर त्याच्याकडून घेईन, नाही तर दुसरीकडे पाहीन.

मिऱ्याबंदर

मॅट गोठ्याची घेणार असाल, तर खालच्या थराला खाचा असलेली बाजू जमिनीकडे ठेवावी, म्हणजे झिरपलेले पाणी त्या खाचांतून निघून जाते. वरच्या थराला सपाट बाजू वर ठेवावी, नाही तर उठावदार नक्षीवर बार डळमळतो.